थोरलीचा हातगुण

खोटं कशाला बोलू, माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणूस चार शिव्या घालून मोकळं होतं. मी वरून ‘आक्का, आक्का’ करत राहिले आणि आतून जळत राहिले. आता माझी ऐंशी उलटली, ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचा विषय निघाला की आधी ते जळणं आठवतं आणि मग बाकीचं.

साठ ते पासष्ट सालांच्या मधलं हे. आमचं गाव वाळवा तालुक्यात, सांगलीपासून एस.टी.नं दीड तासावर. घरचा ऊस होता. मालक फौजेत, वरती कुठंतरी बर्फात. वर्षातून एकदा रजेवर यायचे. घरात सासूबाई, थोरले दीर, आक्का, तिची तीन पोरं, मी आणि माझा एकुलता एक. माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावजवळचं. मी सातवी पास होते. आक्का अंगठा उठवायची. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

पण तिची तिन्ही पोरं बोलकी होती. धाकटा तर माझ्या मुलापेक्षा चार महिन्यांनी लहान, आणि दिवसभर बडबडून घर डोक्यावर घ्यायचा. माझा पाच वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडातून एक शब्द नव्हता. दिसायला राजबिंडा. बहिरा म्हणावा तर लांब रानात गुऱ्हाळाचं इंजिन सुरू झालं की घरात सगळ्यांत आधी त्यालाच कळायचं. मी हाक मारली तर मात्र मान वळायची नाही. मी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायची आणि म्हणायची, “बघ की रं माझ्याकडं.” तो डोळे भलतीकडंच फिरवायचा. दिवसभर शेंगांची टरफलं उंबऱ्यावर ओळीनं मांडत बसायचा. त्यातलं एक कुणी हलवलं की संपलं. मग चौकटीवर कपाळ आपटायचा, स्वतःचं मनगट चावायचा, कितीही धरा, आवरायचा नाही. झोप तर त्याला ठाऊकच नव्हती. हल्ली याला स्वमग्नता म्हणतात, त्याच्या शाळा निघाल्यात, नात मला त्यातलं वाचून दाखवते. तेव्हा आमच्याकडं दोनच शब्द होते, मुका आणि खुळा. गाव दोन्ही वापरायचं.

वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावून झालं. अंगारे झाले, गळ्यात ताईत झाले. मग एक दिवस गोठ्यातल्या दगडी डोणीवर त्यानं डोकं असं आपटलं की कपाळ फुटलं आणि रक्त थांबेना. दिरांनी त्याला उचलून आणलं, त्यांचा सदरा लाल झाला होता. दीर सरळ माणूस. माझ्याशी ते थेट बोलत नसत, तशी रीत नव्हती, म्हणून माझ्यासमोर सासूबाईंना म्हणाले, “आई, सांगलीच्या डॉक्टरला दावू. त्येच्या औषधानं गुण आला तर ब्येस. न्हाई तर याला येड्याच्या दवाखान्यात ठिवावं लागंल. घरात एक दिवस मरंल ह्यो, आन आपण बघत बसू.”

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्या दिवसापासून मला एकच दिसायला लागलं. औषधाचा गुण आला नाही तर माझं पोर जाणार.

सांगलीच्या डॉक्टरनं त्याला बराच वेळ नुसतं बघितलं. मग काळपट काचेच्या बाटलीतल्या गोळ्या दिल्या. म्हणाले, “या गोळीनं तो बोलायला लागणार नाही, हे आधीच सांगतो. डोकं शांत राहील, आपटणं कमी होईल, झोप लागेल. संध्याकाळी एक. एकच.” मी सातवी पास म्हणून बाटली माझ्या हातात दिली. मला बरं वाटलं. आक्का घरी होती, तिला काही विचारायचं कारणच नव्हतं.

त्या गोळीनं माझा जीव नकोसा केला. दिवेलागणीला मी ती दोन चमच्यांत चुरडायची, गुळाच्या पाण्यात कालवायची आणि पोराला धरायला जायची. पहिल्या दिवशी तो फसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दात आवळले. मी नाक दाबायची, तोंड उघडलं की ओतायची, तो थुंकायचा, बोट चावायचा. माझ्या उजव्या हाताच्या बोटावर अजून खूण आहे. निम्मं औषध माझ्या लुगड्यावर. चार-आठ दिवसांत असं झालं की मी नुसती खोलीत आले तरी पोर भिंतीला चिकटायचं. सकाळी, दुपारी, कधीही. आधी निदान न्हाऊ तरी घालून घेत होता. आता माझी सावली नको झाली त्याला. आणि आपटणं तसंच.

सहा आठवड्यांनी परत सांगलीला गेलो, दीर, सासूबाई आणि मी. डॉक्टरनं सगळं ऐकलं. मग मला विचारलं, “लहान असताना याला जवळ घेत होता का? आईची माया मिळाली का पुरेशी?” त्या काळी डॉक्टरलोकांच्या पुस्तकांत तसंच होतं म्हणे, की आई थंड असली की पोर असं होतं. पुढं ते साफ खोटं ठरलं. पण तेव्हा त्या खोलीत ते ऐकायला मी होते आणि माझी सासू होती. काय सांगणार होते? की घेत होते हो, हा येतच नव्हता?

सासूबाई परतीच्या एस.टी.त शिराळ्याच्या एका बाईशी गप्पा मारत होत्या. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाल्या, “औषध चांगलंच हाय. हात चुकला.”

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या घरी सगळं हात बघून ठरायचं. पेरणीला चाड्यावर मूठ कुणी धरायची, लोणचं कुणी घालायचं, अडेल म्हशीखाली कुणी बसायचं. आक्काचं लोणचं वर्षभर टिकायचं. लाथाडी म्हैस तिच्या हाताला पान्हा सोडायची. मी लग्नानंतर पहिल्या वर्षी लोणचं घातलं होतं, त्याला बुरशी आली, आणि ती बुरशी घरात कुणी विसरलं नव्हतं. सासूबाईंनी बाटली माझ्याकडून घेऊन देवळीत ठेवली आणि म्हणाल्या, “आजपासनं थोरलीनं द्यायची. तिच्या हाताला गुण हाय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “आत्याबाई, गोळी ती गोळी. तिला हात काय कळतोय?”

“कळतंय का न्हाई ते बघू की,” सासूबाई म्हणाल्या.

आणि बघायला मिळालं. आक्कानं पोराच्या मागं धावणं नाही की नाक दाबणं नाही. ती दिवेलागणीला सोप्यात शेंगा फोडत बसली. गोळी चुरडून काकवीत कालवली आणि ती काकवी स्वतःच्या डाव्या तळहातावर घेतली. हात बाजूला असा पुढं धरला, आणि आपण दुसरीकडंच बघत उजव्या हातानं शेंगा निवडत राहिली. पोराशी एक शब्द नाही. बराच वेळ गेला. मी चुलीपाशी बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, नको येऊ, नको येऊ. होय, हेच म्हणत होते. माझं पोर घरात राहायचं असेल तर त्यानं ती गोळी खायलाच पाहिजे होती, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी हेच म्हणत होते. तो आला. पुढ्यातली दोन टरफलं उचलली, आणि वासरानं चाटावं तसा तिचा तळहात चाटून साफ केला.

दहा-बारा दिवसांत तो रात्रीचा झोपायला लागला. कपाळावरचं टेंगूळ उतरलं. चौकटीवर एखाददुसरी टक्कर द्यायचा, पण रक्त नाही. दीर जेवताना म्हणाले, “सुटलो म्हनायचं.” सासूबाईंनी देवापुढं नारळ फोडला. घरातल्या प्रत्येकाला आनंद झाला, आणि मलाही झाला, पण माझा आनंद म्हणजे तव्यावर टाकलेलं पाणी. पडलं न पडलं की उडालं.

कारण पोर आता तिच्या मागंमागं फिरायला लागलं. ती भाकरी थापायला बसली की हा तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. गोळीची गुंगी चढली की तिच्या मांडीवर कलंडायचा. तीन बोलती पोरं तिला देवानं दिली होती, माझं एकच, तेही मुकं, आणि तेपण तिच्याच ओटीत. शेजारची एक म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, “माय मरो, मावशी जगो म्हणत्यात, ते उगं न्हाई बग.” गल्लीतल्या बाया आपापल्या पोरांचा काढा घेऊन आक्काकडं यायला लागल्या, तुमच्या हातानं पाजा म्हणून. ती हसून पाजायची. मालकांना मी पत्रात सगळं कळवलं, म्हणजे मला पाहिजे तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, वहिनी देत आहेत हे वाचून काळजी मिटली. मी ते पत्र चुलीत घातलं.

एकदा घरात कुणी नसताना देवळीतली बाटली काढली आणि गोळी जिभेवर ठेवून बघितली. कडू जहर. थोड्या वेळानं जीभच बधिर झाली, जणू माझी नाहीच. हेच कडू मी देत होते तर पोर मला चावत होतं. हेच ती देत होती तर चाटत होतं. मला रडू आलं नाही, राग आला.

त्या रागातच माझ्या डोक्यात आलं. तिच्या हातानं झोप आली, ठीक आहे. माझ्या हातानं कदाचित वाचा येईल. डॉक्टर नाही म्हणाले होते, पण डॉक्टर तर मला मायाच नाही असंही म्हणाले होते. आईच्या हातात काही असेलच की. सकाळचं दूध तो स्वतःच्या वाटीनं आपणच प्यायचा, वाटी मी भरून ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्या दुधात मी एक गोळी चुरडून घातली आणि काकवी सढळ हातानं घातली. प्याला. संध्याकाळची तिची चालूच होती.

वाचा आली नाही. दुसरंच झालं. दुपारी आक्का रानात भाकरी घेऊन गेली होती, सासूबाई कलंडल्या होत्या, आणि पोर बसल्या जागी पेंगायला लागलं. मी जवळ गेले तर उठलं नाही. मी त्याला उचललं तर अंग ताठ केलं नाही. मांडीवर घेतलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझं पोर माझ्या मांडीवर झोपलं. त्याच्या केसांना काकवीचा आणि तिच्या मिश्रीचा वास येत होता. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि दिवस कलेपर्यंत हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

मग दुसऱ्या दिवशी घातली. तिसऱ्या दिवशी घातली. चौथ्या दिवशी दोन घातल्या. तेव्हा मी वाचेसाठी घालत नव्हते. त्या दुपारसाठी घालत होते.

पाचव्या दिवशी सकाळीही घातली, आणि दुपारी तो माझ्याच मांडीवर होता. एकाएकी त्याची मान एका बाजूला वळायला लागली. मी सरळ केली, ती परत वळली, पिळल्यासारखी. डोळे वर गेले आणि तिथंच राहिले. जीभ बाहेर आली. पाठीची कमान झाली. तो ओरडत नव्हता, घशातून नुसता घरघर आवाज येत होता. मी काय किंचाळले ते मला आठवत नाही, पण गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं बाहेरचं हाय, लिंबू उतरा. सासूबाई म्हणाल्या, “धनुर्वात. ह्यो धनुर्वात हाय.” आक्का रानातून धावत आली, डोक्यावरची पाटी तिनं दारातच टाकली. दिरांनी कारखान्याकडं चाललेला एक ट्रक रस्त्यावर आडवा होऊन थांबवला आणि ते, आक्का आणि मी असे तिघं पोराला घेऊन सांगलीला गेलो. सगळ्या वाटेत पोर माझ्या हातांत होतं आणि हे कशानं झालं ते मला ठाऊक होतं.

डॉक्टर दुसरेच होते, तरणे. त्यांनी पोराचे पाय तपासले. “खिळा लागला का? जखम आहे का कुठं?” कपाळावरची जुनी खोक बघितली. मग विचारलं, औषध काय चालू आहे. दिरांनी बाटली दिली. “किती देता?”

“सांजच्याला एक,” दीर म्हणाले. “येकच.”

“नक्की? जास्त नाही ना गेली? जास्त झाली तर असं होतं, त्याला एक सुई पुरते. एकच दिली असेल तर मात्र धनुर्वात धरून चालावं लागेल. वेगळ्या खोलीत ठेवू, सांगता येत नाही पुढचं.”

ते माझ्याकडं बघत होते. मी पोराची आई. माझे ओठ उघडले होते, ते मला आठवतं. आवाज आला नाही. हे सांगितलं तर मला पोराच्या आसपास कुणी फिरकू देणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पोर माझ्या पुढ्यात पिळवटत होतं आणि मी माझाच विचार करत होते.

“दोन येळा दिली,” आक्का म्हणाली. ती जमिनीकडं बघत होती. “सकाळची बी दिली मी. काल दोन दिल्या. माजी चूक झाली डॉक्टरसाहेब.”

दिरांनी तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं तिथंच हात उगारतात. डॉक्टरनं सुई दिली. जात्यावर पायलीभर दळण होईल एवढ्या वेळातच पोराची मान हळूहळू सुटली, डोळे जागेवर आले, जीभ आत गेली. ते थकून झोपलं. दीर आक्काला बाहेर घेऊन गेले. त्यांचा आवाज आत येत होता, तिचा येत नव्हता.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, “आक्का, तुमाला कसं कळलं?”

“लिहायला येत न्हाई मला. मोजायला येतंय,” ती म्हणाली. “बाटली माज्याच हातात असती रोज.”

“मग माझं नाव का न्हाई घेतलं?”

“तू आई हाईस त्येची. तुजं नाव आलं असतं तर तुला पोराजवळ जाऊ दिलं नसतं कुणी. मी काय, चुलती.”

त्या वेळी तिचे पाय धरावेत असं मला वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. माझी एक चूक होती, निदान ती तरी माझी होती, ती पण हिनं उचलून नेली, असं मला वाटलं. आणि बाटलीतल्या गोळ्या कमी होताना दिसल्या तर आधीच का बोलली नाही, हेही वाटलं. ते मी विचारलं असतं तर तिच्याकडं उत्तर होतं का नाही, ठाऊक नाही. मी विचारलंच नाही.

डॉक्टरनं आठवडाभर औषध बंद ठेवायला सांगितलं. मग परत चालू करायचं, अर्धी गोळी, आणि कुणीतरी एकाच माणसानं द्यायची. घरी आल्यावर सासूबाईंनी बाटली माझ्या हातात ठेवली. थोरलीला म्हणाल्या, “तू आता हात लावायचा न्हाई. तुज्या हाताचा गुण बघितला.” ज्यासाठी मी एवढं केलं ते मला मिळालं. आक्का भांडी घासायला निघून गेली. गल्लीतल्या बायांनी काढे आणायचे बंद केले.

आठवड्यात पोर परत पहिल्यासारखं झालं. झोप गेली, मनगट सोललं, टेंगूळ आलं. आठव्या दिवशी मी तिच्यासारखीच सोप्यात बसले. शेंगा घेतल्या. अर्धी गोळी काकवीत कालवून डाव्या तळहातावर घेतली आणि हात पुढं धरला. तो आला नाही. मी हात धरून बसले, काकवी मनगटावरून ओघळली, मुंग्या आल्या. मी न राहवून त्याच्याकडं बघितलं की तो लांब सरकायचा. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो उठून आक्काकडं गेला. ती चुलीपुढं होती. तो तिच्याजवळ उभा राहिला आणि त्यानं तोंड उघडलं. चिमणीचं पिल्लू उघडतं तसं. आक्कानं तोंड फिरवलं आणि म्हणाली, “मला न्हाई बाबा परवानगी. आईकडं जा.” तो तोंड उघडंच ठेवून उभा राहिला. मग तिथल्याच चौकटीवर कपाळ आपटायला लागला.

असे तीन दिवस गेले. मी काकवी बदलली, गूळ केला, बोटानं भरवायला गेले, पुन्हा नाक दाबलं. अर्धी गोळीही पोटात गेली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळाची जुनी खोक परत फुटली. दिरांनी फडकं बांधलं आणि सासूबाईंना म्हणाले, “आई, आता पुरं झालं. उद्या सांगलीला जाऊन येड्याच्या दवाखान्याची चिठ्ठी आणतो. न्हेऊन ठिवू.” आक्का तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, ती जळाल्याचा वास आला.

मी उठले. बाटलीतली गोळी काढली, अर्धी केली, चुरडली. काकवीत कालवली. ती वाटी घेऊन आक्कापुढं गेले आणि तिचा पिठाचा हात धरून पदरानं पुसला. तिनं हात मागं ओढला. मी सोडला नाही.

दिरांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. तेव्हा बोलले. “सकाळच्या गोळ्या मी दिल्या. दुधात घालून, पाच दिवस. आक्कांनी एकच दिली, सांगितली तेवढीच. सांगलीत मी बोलले न्हाई.”

सासूबाईंनी विचारलं, “कशापायी?”

“पोर त्यांच्या मांडीवर जात होतं म्हणून,” मी म्हटलं.

कुणी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. दीर उठून अंगणात गेले. सासूबाई थोरलीकडं वळल्या आणि म्हणाल्या, “दे बाई. तूच दे.”

मी काकवी आक्काच्या तळहातावर ओतली. ती भिंतीला टेकून बसली, हात बाजूला धरला आणि तोंड दुसरीकडं केलं. मला तेव्हा कळलं, ती त्याच्याकडं बघत नाही म्हणूनच तो येतो. इतके दिवस माझ्यासमोर करत होती, आणि मला उमगलं ते त्या दिवशी. पोर आलं. कपाळाला फडकं, नाक वाहतंय. त्यानं तळहात चाटला, बोटांच्या बेचक्याही चाटल्या आणि तिच्या ओटीत डोकं घातलं.

दीर दारात येऊन उभे होते. “चिठ्ठी ऱ्हाऊ दे उद्या,” ते म्हणाले आणि परत बाहेर गेले.

माझं पोर राहिलं, हे मला कळत होतं. आणि त्याच वेळी तिच्या ओटीतलं ते डोकं बघून मी जळत होते, तेही खरं होतं. एकामुळं दुसरं कमी झालं नाही. त्याचा डोळा लागायला लागला तसं आक्का हळूच म्हणाली, “घे. निजव न्हेऊन.”

मी हात पुढं केले. झोपेतच त्याचं अंग ताठ झालं. मी हात मागं घेतले, आत जाऊन त्याचं अंथरूण उचललं आणि तिच्या खोलीत नेऊन घातलं.